शिवेवरून सुरू होणारं गाऱ्हाणं

अण्णा, तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुमच्याशी भांडायला हरकत नाही. तुम्ही होतात तेव्हा ते जमलं नाही. शाळेत मुली मला घाबरायच्या, घरात आई घाबरायची, आणि तुम्ही मात्र मी बोलायला लागले की चपला पायांत सरकवून पार्ल्याच्या स्टेशनापर्यंत चक्कर मारायला निघून जायचात. परत आलात की हातात कोथिंबिरीची जुडी असायची आणि विषय संपलेला असायचा. या वेळी तुम्हाला उठून जाता येणार नाही. मला एकच गोष्ट विचारायची आहे. धाकटीच्या साखरपुड्याच्या सकाळी तुम्ही नारळ हातात घेऊन उभे राहिलात, तेव्हा तुम्हाला माहीत होतं का?

माझ्या लहानपणीची दसऱ्याची सकाळ आहे. तुम्ही बिस्किटांच्या कारखान्यातून पाळी संपवून आला आहात, अंगाला भाजलेल्या पिठाचा वास येतो आहे. खुंटीवर आजोबांचा खाकी कोट. त्याची पितळी बटणं राखेने घासायचं काम माझं, कारण धाकटी अजून पाळण्यात आहे. आजोबा जाऊन वर्षही झालेलं नाही. मला ते आठवतात ते खाटेवर ताठ बसलेले, पायांना फौजेतल्यासारख्या पट्ट्या गुंडाळून. गुडघे दुखतात म्हणून, असं सांगायचे. पहिल्या महायुद्धात इराकातल्या बसऱ्यापर्यंत जाऊन आलेला माणूस, पण लढाईचं कधी बोलला नाही आणि गावाचं तर अजिबातच नाही. गाव साथीत उठलं, एवढंच. उठलेल्या गावाचं नाव नसतं असं मला लहानपणी वाटायचं. पण गाव उठलं तरी गावाचे देव मात्र आपल्या दोन खोल्यांत होते. तुम्ही दाराकडे तोंड करून उभे राहता, ओंजळीत नारळ धरता आणि एरवी कधीही न बोललेल्या मालवणीत सुरू करता, "बा शिवेवरच्या देवचारा म्हाराजा." देवचार म्हणजे शिवेचा राखणदार. आम्ही मागून म्हणतो, "होय म्हाराजा." मग माळावरचा वड. मग व्हाळातला, म्हणजे ओढ्यातला, घोड्याच्या पावलाचा दगड. मग तीन वाटा मिळतात त्या तिठ्यावरचा म्हापुरुस, तोही राखणदारच. आणि शेवटी देवळाच्या पायरीवरून ग्रामदेवाला, "पायरीकडसून हाक मारतंय रे रवळनाथा, लेकरांका सांभाळ." पार्ल्यातल्या माझ्या मैत्रिणींकडे पूजा सांगायला भटजी यायचे. आमच्याकडे वडीलच देवांना नावानिशी हाका मारतात आणि घरातली अडचण सांगतात, त्याला गाऱ्हाणं म्हणतात, असं मी वर्गात ऐटीत सांगितलं होतं.

एकदा मी ते पाठ म्हणून दाखवलं. तुम्ही कौतुक कराल असं मला वाटलं होतं. मी वडावरून थेट म्हापुरुसावर गेले, तर तुम्ही म्हणालात, "व्हाळ कुठून ओलांडलास? दगडावर पाय न ठेवता? बुडालीस. परत पहिल्यापासून." माझ्या डोळ्यांत पाणी आलं तरी तुम्ही सोडलं नाहीत. बाकी कशाच्याच बाबतीत तुम्ही इतके कडक नव्हतात. भूगोलाचा पहिला धडा मला तिथे मिळाला, हे मी पुढे शिक्षिका झाल्यावर सगळ्यांना हसून सांगायचे. त्या धड्यात काय होतं ते मात्र मला तिशी उलटल्यावर कळलं.

धाकटीला घाटकोपरचं स्थळ आलं तेव्हा गिरण्यांचा संप होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मुलगा वीज कंपनीत, दिसायला नीटस, बोलायला कमी. त्याला वडील नव्हते. घरचं सगळं मोठे काका बघायचे. हे काका गिरणीत जॉबर, म्हणजे कामगार भरणारे मुकादम होते, आता गिरणी नव्हती पण जॉबरकी अंगातून गेली नव्हती. आपल्या खोलीत आले ते आधी भिंती बघितल्या, मग देव्हारा, मग खुंटीवरचा कोट. मुलीला काही विचारलंच नाही. धाकटीने चहा ठेवला, तर म्हणाले, "ठेव गं बाळा," आणि तुमच्याकडे वळले.

"पाहुणे, मूळ गाव कुठलं म्हणालात?"

"गाव साथीत उठलं," तुम्ही म्हणालात. "वडील फौजेत होते."

"फौजेत जायच्या आधी कुठे होते? वरून तर पडले नसतील."

त्यांच्याबरोबरची माणसं हसली. तुम्हीही हसलात. मी हसले नाही. मी म्हटलं, "काका, साथीच्या वेळी कितीतरी गावं रिकामी झाली."

"झाली की. माणसं उठतात, बाई. जागा उठत नाही. जागेला नाव असतं, भावकी असते, देवक असतं. आम्हांला तुमच्याकडून हुंडा नको, पंखा नको, फ्रीज नको. एवढंच सांगा, तुम्ही कुठले." मग कपातला चहा बशीत ओतत त्यांनी आपल्या गावाचं नाव सांगितलं, खाडीच्या काठचं, आणि पुढे म्हणाले, "आमच्याकडे चार गावांत एकमेकांची चूल कुठे आहे ते सगळ्यांना माहीत." ते नाव ऐकल्यावर तुम्ही हातातला कप खाली ठेवलात. चहा अर्धा होता. तेव्हा मला त्यात काही दिसलं नाही. आता मी तो कप पुन्हा पुन्हा बघते.

साखरपुड्याचा दिवस ठरला होता, देवकाचं तेवढं बाकी. आपलं आडनाव असं की रत्नागिरीपासून बेळगावपर्यंत कुठेही सापडेल, त्यावरून काही कळणार नव्हतं. आई म्हणाली, कुठलंतरी गाव सांगून टाका. आईला आईबाप नव्हते, तिच्या लग्नात कुणी काही विचारलं नव्हतं, म्हणून तिला हे सगळं सोपं वाटायचं. तुम्ही चपला पायांत सरकवल्यात. धाकटी रात्रंदिवस माझ्या तोंडाकडे बघायची. तिला तो मुलगा मनापासून आवडला होता, अण्णा. तुम्हाला ते कुणी सांगितलं नसेल. दोघं आधीपासून ओळखत होती, अंधेरीच्या टायपिंग क्लासात. स्थळ वगैरे सगळं नंतर रचलेलं. तिने मला शपथ घातली होती. "ताई, तू कर ना गं काहीतरी. तुला येतं सगळं." म्हणून मी केलं. मला शोध घ्यायची हौस नव्हती, आजोबांचं कुतूहलही नव्हतं. मला एक गावाचं नाव हवं होतं, खरं, काकांच्या तोंडावर ठेवता येईल असं.

माझ्याकडे नकाशा होता, तोंडपाठ. शाळेत विज्ञानाच्या बाई मालवणकडच्या. डबा खाताना मी त्यांच्यापुढे ती ठिकाणं एका मागोमाग म्हटली. वड आणि तिठा ऐकून त्या म्हणाल्या, "अहो, हे कुठल्याही गावात सापडेल." पण घोड्याच्या पावलाच्या दगडाशी त्यांचा घास थांबला. "थांबा हं. व्हाळात? मधोमध? त्यावर पाय ठेवून पलीकडे जायचं?" मी हो म्हटलं. "तो माझ्या मामाच्या गावाच्या वाटेवर आहे. आम्ही लहानपणी त्या खळग्यातलं पाणी डोळ्यांना लावायचो." त्यांनी गावाचं नाव सांगितलं. काकांच्या गावाच्या पलीकडच्या काठाला, मध्ये फक्त खाडी. ते गाव उठलेलं बिठलेलं नव्हतं. तिथे शाळा होती, एसटी जात होती. मला इतका आनंद झाला की मी मधल्या सुट्टीनंतरच्या तासाला मुलींना पुस्तकं मिटायला लावली आणि कोकणच्या नद्या शिकवल्या, ज्या अभ्यासक्रमात नव्हत्या. त्याच गावच्या, गावकऱ्यांच्या घरातल्या एक आजी बोरिवलीला मुलाकडे असतात, हेही बाईंनीच सांगितलं. गावकरी म्हणजे देवाचे मानकरी, गावची जुनी घराणी. भावकी, देवक, सगळं त्यांना ठाऊक असणार.

बोरिवलीला तेव्हा नव्या इमारती उठत होत्या. आजी दुसऱ्या मजल्यावर गॅलरीत बसून कोकमं निवडत होत्या. अंगाने बारीक, आवाज खणखणीत. मी मुंबईची शिक्षिका, गावची नात, हे ऐकून त्यांना फार आनंद झाला. "ये गो बाय, बस. खयल्या वाडीतली तू?" सुनेने स्टीलच्या पेल्यात पाणी दिलं, बरोबर चिवडा. मी म्हटलं, वाडी माहीत नाही, तेच विचारायला आले आहे. आजोबा फौजेत गेले आणि परतले नाहीत, पण गाऱ्हाणं मागे ठेवून गेले.

"म्हणान दाखव बघया."

मी म्हटलं. पहिल्या हाकेला त्यांनी हात जोडून "होय म्हाराजा" म्हटलं. दुसऱ्या हाकेलाही म्हटलं. दगडाशी त्यांनी डोळे उघडले. तिठ्याशी त्यांचे जोडलेले हात सुटून मांडीवर आले. मी पायरीपर्यंत पोचले आणि थांबले, कारण आपलं तिथेच संपतं.

"फुडे?" त्या म्हणाल्या.

"पुढे काही नाही. एवढंच आहे."

"गाभाऱ्यातलो देव खय? तरंगां खय? देवळाभुतूर जाणा नाय तुझा गाऱ्हाणा?" तरंगं म्हणजे देवांचे मिरवायचे खांब, तेही देवळातच असतात. मग त्या कोकमं चाळत राहिल्या. बोलल्या तेव्हा आवाजात राग नव्हता. तो असता तर मला बरं वाटलं असतं. "आमचा गाऱ्हाणा रवळनाथापासून सुरू होता, नि भायर शिवेर जाता. तुझा शिवेवरसून भुतूर येता, नि पायरीर रवता. जो जेच्या घराकडसून निघतलो, तो थयसूनच देवाक हाक मारतलो. शिवेपलीकडे कोणाची घरां होती, ता मी सांगूक व्हया? तू शिकलेली आसस."

सांगायला नको होतं. मी भूगोल शिकवत होते. महारवाडा शिवेपलीकडे असतो हे मला मुंबईत जन्मूनही माहीत होतं. आजी पुढे म्हणाल्या, त्या वस्तीतल्यांनी दीक्षा घेतली तेव्हा हे देव, हे नारळ, सगळं टाकून दिलं, त्यांच्यातल्या कुणालाही आता हे गाऱ्हाणं येत नाही. "तुझ्याच तोंडसून आयकलंय, कितक्या वर्सांनी." मी उठले. पेल्यात पाणी उरलं होतं. सून पेला उचलायला आली तर आजी म्हणाल्या, "रवांदे. मगे बघूया." मी जिना उतरले तरी तो पेला तिथेच होता, तिपाईवर. अण्णा, मला आयुष्यात कुणी शिवी दिली तर मी दोन देते. त्या पेल्याला काय द्यायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

घरी येईपर्यंत मी बाकीचं जुळवलं. आजोबा भरती झाले तेव्हा पलटणीत आपल्या लोकांची भरती बंद होती, हे इतिहासाच्या पुस्तकात असतं. तेव्हा त्यांनी दुसरी जात सांगितली असणार, दुसरं आडनाव घेतलं असणार. बसऱ्याहून परतलेल्या माणसाने गावात जायचं तर खाकी कोट अंगावर घालून शिवेपलीकडेच थांबायचं. म्हणून गाव साथीत उठलं. एका वाक्यात त्यांनी गाव उठवलं. आणि तरी दर दसऱ्याला शिवेवरून निघून त्याच वाटेने पायरीपर्यंत चालत गेले, आणि ती वाट तुम्हाला दिली. हे मी आज इतकं नीट लिहिते आहे. त्या दिवशी माझ्या मनात आजोबा नव्हतेच. माझ्या मनात घाटकोपरचे काका होते. खाडीच्या पलीकडचे काका, चार गावांतली चूल माहीत असलेले. आणि साखरपुड्याला आपल्या घरी पहिला मान नारळाचा, गाऱ्हाण्याचा. ते तुम्ही म्हणणार, काकांच्या समोर, त्यांच्या कानाशी.

मी कुणालाही काही सांगितलं नाही. काकांना निरोप पाठवला, गाव अमुक, जुन्या पिढीतलं कुणी उरलं नाही, देवक पाचपालवी. पाच झाडांच्या पानांचं ते देवक पुष्कळ घरांचं असतं. काकांनी हो म्हटलं. आता फक्त ती एक सकाळ निभवायची होती.

तुम्ही स्वयंपाकघरात नारळ सोलत बसला आहात. शेंडी तेवढी ठेवायची, बाकी साफ. आई पुरणाला चाळण लावते आहे. मी आईला बाहेर पिटाळलं, फुलांचं काहीतरी सांगून.

"अण्णा, आज गाऱ्हाणं नको."

"का?"

"पाहुणे आहेत. उशीर होतो. नुसता नारळ ठेवा देवापुढे."

"पाहुण्यांकडेही म्हणतात. त्यांना आवडेल."

"मग रवळनाथापासून सुरू करा. तेवढंच म्हणा. एकच हाक."

तुम्ही नारळ खाली ठेवलात आणि माझ्याकडे पाहिलंत. मी गाळलेल्या दगडासाठी मला रडवलंत तेव्हा पाहिलं होतंत, तसं. "मधूनच कसं सुरू करणार? माणूस घरातून निघतो."

"ते लोक त्याच बाजूचे आहेत, अण्णा. खाडीच्या पलीकडचे."

"ठाऊक आहे मला," तुम्ही म्हणालात. आणि नारळाची उरलेली केसरं काढायला लागलात.

ठाऊक आहे. काय ठाऊक आहे? त्यांचं गाव? की आपलं? मी पुढचा प्रश्न विचारायला तोंड उघडलं, तेवढ्यात दारात चपलांचा आवाज झाला, "या, या," झालं, आणि काका आत आले, नवी टोपी घालून.

खोली भरली. पुरुष चटईवर, आम्ही बायका आतल्या दारात. धाकटी हिरव्या साडीत माझ्या शेजारी, तिचा हात माझ्या हातात. मुलगा खाली मान घालून बसलेला, पण मधूनच वर बघून तिला शोधत होता. तुम्ही कोटाच्या खुंटीखाली उभे राहिलात, दाराकडे तोंड करून. काका हौसेने सरसावून बसले. "होऊन जाऊ द्या, पाहुणे. मुंबईत आता कोण म्हणतंय?"

"बा शिवेवरच्या देवचारा म्हाराजा."

"होय म्हाराजा!" सगळ्यात मोठा आवाज काकांचा. मी त्यांच्याकडे बघत होते, दुसरीकडे बघणं मला जमतच नव्हतं. माळावरचा वड. होय म्हाराजा. घोड्याच्या पावलाचा दगड. काकांनी होय म्हटलं, पण म्हणता म्हणता मान तिरकी केली, कुणी ओळखीचं दुरून दिसलं की करतात तशी. त्यांना वाट दिसायला लागली होती. ते त्या वाटेने कधीतरी चालले असतील. आणि आपण कुठून निघालो, कुठल्या बाजूने त्या दगडावर आलो, हे त्यांच्या ध्यानात येत होतं. तिठ्यावरच्या म्हापुरुसाला तुम्ही हाक मारलीत, आणि काका गप्प राहिले. त्यांच्याकडे बघून त्यांची माणसं गप्प राहिली. आपले शेजारी तर पाहुण्यांच्या मागून म्हणत होते, तेही थांबले. 

हाकेला ओ मिळाल्याशिवाय पुढची हाक मारता येत नाही. तुम्ही थांबलात. ओंजळीत नारळ, मान ताठ. तुम्ही काकांकडे पाहत होतात, अण्णा. समोर नाही, दाराकडे नाही. काकांकडे. तुम्ही ती हाक पुन्हा मारलीत, तीच, त्याच आवाजात. "तिठ्यावरच्या म्हापुरुसा म्हाराजा." काकांनी नजर चटईवर नेली. धाकटीने माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली. बायकांनी गाऱ्हाण्याला ओ द्यायची नसते, आपल्या घरात मुलगे नव्हते म्हणून आम्ही द्यायचो ते घरापुरतं. मी आतल्या दारातून म्हटलं, "होय म्हाराजा." वर्गात हजेरी घेते त्या आवाजात. सगळी डोकी वळली. माझ्यामागून धाकटीने म्हटलं. एवढंसं, पण म्हटलं. मग तुम्ही पायरीपर्यंत गेलात.

नारळ तुम्ही एका फटक्यात फोडलात. काकांनी खोबऱ्याचा तुकडा हातावर घेतला, बघितला, रुमालात बांधला. "घरी नेतो," म्हणाले. "पित्त आहे मला." बाकीच्यांनाही पित्त झालं. पुरणपोळ्या तशाच राहिल्या. कुंकवाची, साडीची वेळ टळली, पुढे कुणीच विषय काढला नाही. मुलाने मात्र तोंडात टाकला आपला तुकडा. सगळ्यांसमोर, चावून, सावकाश. काकांनी त्याच्या दंडाला धरून उठवलं. निघताना दारात काका तुम्हाला म्हणाले, "गाऱ्हाणं चांगलं म्हटलंत. आमच्याकडे एवढं पाठ असलेलं आता कुणी नाही." हे टोचून होतं की मनापासून, मला कळलं नाही. माझी समजूत अशी की दोन्ही होतं.

पुढच्या आठवड्यात निरोप आला, पत्रिका जुळत नाही. जुळल्या होत्या त्याच पत्रिका. मुलगा एकदा टायपिंग क्लासच्या बाहेर धाकटीला भेटला, रडला म्हणे, आणि काकांनी वाढवलंय असं म्हणाला. खोबरं खाणं त्याला जमलं, त्यापुढचं जमलं नाही. धाकटी तुमच्याशी वर्षभर बोलली नाही. तुम्ही तिच्यासाठी कारखान्यातून तुकडा बिस्किटं आणायचात, रिटायर झाल्यावरही, जुन्या सोबत्यांकडून मागून. ती डबा उघडायची नाही. आईने विचारलं, नेमकं झालं काय? मी सांगितलं. आई म्हणाली, "हात्तिच्या, एवढंच?" आणि मग आत जाऊन बराच वेळ भांडी घासत राहिली, घासलेलीच. पुढे धाकटीने बँकेतल्या एकाशी रजिस्टर लग्न केलं, देवक नाही, नारळ नाही. मुलुंडला असते, बरी आहे. तिने नवऱ्याला लग्नाआधीच सगळं सांगितलं होतं. तो म्हणाला, बरं, मग जेवायला कुठे जायचं? तुम्हाला तो जावई का आवडायचा, ते मला तेव्हा कळलं नव्हतं.

पण तुम्हाला माहीत होतं का? मी दोन्ही बाजूंनी मांडून पाहिलंय. माहीत नसेल, तर तुम्ही एक भाबडा मुलगा होतात, बापाने दिलेलं पाठ म्हणणारा, आणि काकांकडे पाहिलंत ते फक्त ओ का येत नाही म्हणून. माहीत असेल, तर तुम्ही लेकीचं लग्न त्या माणसाच्या समोर ठेवून त्याला विचारलंत, घेतोस का असं? आणि धाकटीला न विचारता. त्यासाठी मला तुमचा राग येतो, आजही येतो. पण दुसरा राग त्याहून मोठा आहे, तो माझ्यावरचा. मी गाव शोधलं, पाचपालवी रचली, रवळनाथापासून सुरू करा म्हणाले. ते सगळं चाललं असतं तर धाकटी घाटकोपरला त्या काकांच्या हाताखाली नांदली असती, तोंड शिवून, मुलांना गाव साथीत उठलं असं सांगत. हे तुम्ही माझ्या आधी पाहिलं होतंत का, एवढंच मला कळायला हवं होतं. तुम्ही पुढे बरीच वर्षं होतात. रोज समोरासमोर बसून चहा घेतला. विचारायला एक वाक्य लागलं असतं.

गेल्या हिवाळ्यात मी त्या गावाला जाऊन आले. धाकटीला सांगितलं नाही, गुडघ्यांनाही विचारलं नाही. एसटी आता शिवेवरच थांबते, तिथे पत्र्याची शेड आहे. देवचाराचा दगड आहे. माळावर वड नाही, त्याच्या जागी मोबाइलचा मनोरा आहे. व्हाळावर साकव झालाय, पण मी खालून गेले. दगड आहे, अण्णा, आणि खळगा खरंच घोड्याच्या पावलासारखा आहे. पाय ठेवला, बुडाले नाही. वस्ती शिवेपलीकडेच, शेडच्या मागे, ती सुरुवातीलाच लागली होती, पक्की घरं, एका दारात निळा झेंडा. तिथे एक बाई झाडत होती, तिचं कपाळ आणि भुवया थेट आजोबांच्या. तिने विचारलं, "कोण व्हया?" मी म्हटलं, देवळाकडे जाते आहे. एवढंच बोलले. तिठ्यावरून चढण चढून देवळापाशी पोचले. पायरी जांभ्या दगडाची आहे, मधोमध झिजलेली. दार सताड उघडं होतं, सगळ्यांना उघडं असतं आता. पुजारी तरुण मुलगा, कानाला फोन लावून. मला पाहून म्हणाला, "येवा आत, बाई. उन्हात कित्याक उभ्या?"

मी म्हटलं, "नको. आमचं इथपर्यंतच असतं."

आमचं, असं मी तेव्हा पहिल्यांदा म्हणाले. तो मुलगा फोनवर बोलत आत गेला. तुम्ही असतात तर खूष झाला असतात, म्हणून हेही सांगून टाकते आणि हा कागद घडी घालून आजोबांच्या कोटाच्या खिशात ठेवते, बटणं अजून घासते मी. 'आमचं' म्हणण्याआधी मी मागे वळून पाहून घेतलं होतं, कुणी ऐकत नाही ना.